पाचवं मुख

पहिल्याच दिवशी आमच्या यंत्रणेनं खाणीत दोनशे बारा माणसं जास्त मोजली. सकाळपाळी सुटली, दोनशे बारा माणसं वर आली, दिवाघरात डोक्यावरचे दिवे ठेवले आणि खिडकीतल्या ठमके काकांना सवयीप्रमाणे म्हणाली, "येतो काका." यंत्रणेनं ते ऐकलं आणि चोख नोंद केली, की दोनशे बारा माणसं येत आहेत. दुपारपाळी तोवर खाली उतरली होती. पडद्यावरचा आकडा चारशेच्या वर गेला, पंखे तेवढ्या माणसांना पुरेल इतकी हवा खाली ढकलू लागले, आणि आमचे व्यवस्थापक पाठराबे साहेब माझ्याकडे असे बघू लागले, जणू ती जास्तीची माणसं मीच कुठूनतरी पकडून आणली होती.

चूक सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आपल्याकडे निघताना कुणी 'जातो' म्हणत नाही. माणूस कायमचा गेला तरच तो शब्द निघतो, आणि तोही दुसऱ्यांच्या तोंडून. हे यंत्राला कुणी सांगितलं नव्हतं, कारण ते सांगावं लागतं हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मी बारा ओळींचा एक नियम लिहिला. माणूस 'येतो' म्हणाला आणि त्यानंतर त्याच्या दिव्यातला रेडिओ गप्प झाला, तर तो बाहेर गेला असं समजावं. दुसऱ्या दिवसापासून आकडा जुळला आणि साहेबांनी पेढे मागवले. नियमाची चाचणी मी बाबांच्या आवाजावर घेतली होती.

माझे बाबा, देवराव उरकुडे, त्याच खाणीत सरदार होते. सरदार म्हटलं की लोकांना तलवार आठवते. बाबांच्या हातात काठी असायची. कोळसा काढताना डोक्यावरच्या छताला ती टोकायची आणि आवाजावरून ओळखायचं, की छत घट्ट आहे की मागे पोकळी झाली आहे. चाळीस-पन्नास माणसांचा जीव त्यांच्या त्या काठीवर आणि कानावर असायचा. मी वणीजवळच्या त्याच खाणीच्या वसाहतीत वाढले, नागपुरात शिकले, पुण्यात चार वर्षं नोकरी केली आणि सन २०३८ मध्ये 'सोबत' बसवायला परत आले. तेव्हा बाबांनी सबंध पाळीला सांगून ठेवलं होतं, "आता डोकी मोजाची गरज नाई. माह्या पोरीनं मोजलं म्हनजे झालं."

'सोबत' म्हणजे काय ते इथेच सांगते, म्हणजे पुढे अडायला नको. खाणीत कोण कुठे आहे, वायू किती, छतावर दाब किती, पंखा कितीवर, या सगळ्याची ती एक नोंदवही. वही एकाच यंत्रात ठेवली आणि ते यंत्र बंद पडलं तर खालची माणसं आंधळी होतात. म्हणून तिच्या पाच प्रती पाच ठिकाणी ठेवल्या. कचेरीत, दिवाघरात, पंखाघरात, खाणीच्या तळाशी आणि दक्षिण भागातल्या पंपाच्या खोलीत. प्रत्येक नोंद पाचही प्रतींना विचारून होते. तिघींचं एकमत झालं की ते खरं. एखादी तुटली, बिघडली, काहीबाही सांगू लागली, तर बाकीच्या तिचं ऐकत नाहीत. ती परत जोडली गेली की तिनं आपलं म्हणणं खोडून बहुमताचं उतरवून घ्यायचं. बाबांना मी हे समजावलं तेव्हा ते म्हणाले, "हे तं आपलं जुनंच आहे. पाचामुखी परमेश्वर." त्या दिवसापासून प्रतींना सगळे 'मुखं' म्हणू लागले. पंपाच्या खोलीतलं ते पाचवं मुख.

दुसरी गोष्ट वेळेची. वायू वाढला तर पंखा अर्ध्या सेकंदात वाढायला हवा. पाऊण सेकंदानं मिळालेलं खरं उत्तर तिथे खोट्याइतकंच निरुपयोगी असतं. पण जमिनीखाली रेडिओचं काही खरं नसतं. मनगटावरचा पट्टा घामानं सरकतो, वर कोळशाची पूड बसते, नाडी लागत नाही, दिवा मध्येच गप्प होतो. त्यासाठी अंदाजाची सोय केली. माणसाकडून नोंद आली नाही, की 'सोबत' त्याच्या आजवरच्या सवयींवरून ती जागा भरते. तो या वेळी कुठे असतो, किती वेगानं चालतो, नाडी किती, हाक मारली तर काय म्हणतो. खरी नोंद आली की अंदाज पुसला जातो. शब्दांचंही तसंच. आवाज वाहून आणायला रेडिओत जागा नसते, म्हणून खालून फक्त शब्द येतात आणि वर ते त्या माणसाच्या आवाजात नव्यानं बोलले जातात.

सुरुवातीला अंदाजानं भरलेल्या नोंदीपुढे तसं लिहून यायचं. माणसांना ते खपेना. विनोद पिदूरकर नावाचा बाबांच्या हाताखालचा कामगार तर माझ्याशी भांडलाच. म्हणाला, मी काय पाऊस आहे, माझा अंदाज लावायला? घरच्या बायकाही घाबरायच्या. शेवटी मी ती खूण काढून टाकली. तीन वर्षांत कुणाचं काही बिघडलं नाही. उलट घराघरात 'सोबत' पोहोचली. माणूस खाणीतून निघाला की घरी निरोप जायचा, तो फाटकाशी आला की फाटक उघडायचं, पडवीतला दिवा लागायचा आणि अंघोळीचं पाणी तापायला लागायचं.

बाबांची एक खोड होती. खाली ठिकठिकाणी यंत्रणा माझ्याच आवाजात विचारायची, "कोण आहे? उत्तर द्या." नियमाप्रमाणे त्यावर 'आहे' म्हणायचं. बाबा म्हणायचे, "येतो वं." लहानपणी मी वसाहतीच्या रस्त्यावरून त्यांना जेवायला हाका मारायचे तेव्हा जे उत्तर यायचं, तेच. मी रागवायचे, की बाबा, तुमच्यामुळे नोंदी बिघडतात. ते म्हणायचे, "बरं." मला ते कधी नाही म्हणालेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा 'येतो वं'.

फेब्रुवारीतला मंगळवार होता. दुपारी अडीचच्या सुमाराला दक्षिण भागातलं काम आवरत आलं होतं. तिथला कोळसा काढून झाला होता आणि अशा रिकाम्या भागाचं छत मुद्दामच बसू देतात. गडगडाट झाला तरी कुणी दचकत नाही. विनोद पुढे निघाला होता. त्यानं वळून हाक मारली, चला ना सरदार. बाबा म्हणाले, "येतो." मागे छत बसल्याचा आवाज झाला, धूळ आली. विनोदनं थोडा वेळ वाट पाहिली, मग मनगटावरच्या पडद्यावर पाहिलं. तिथे लिहिलं होतं, देवराव उरकुडे, बाहेर. त्याला वाटलं, सरदार दुसऱ्या वाटेनं गेले असतील. यंत्रणा यायच्या आधीचा काळ असता तर तो परत आत गेला असता, किमान ओरडून पाहिलं असतं. तो चहाला गेला, आणि त्यात त्याचा काही दोष नाही. डोकी मोजायची गरज नाही हे त्याला माझ्या वडिलांनीच सांगितलं होतं.

सव्वापाचला आईचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती, थोडा वैताग होता.

"समे, तुह्यं ते सोबत म्हनते, बाबा घरी आले. फाटक उघडलं, दिवा लागला, पानी तापून राह्यलं. पन मले तं मानूस दिसून नाई राह्यला."

मी म्हटलं, टपरीवर थांबले असतील. ती म्हणाली, टपरीवर चार वीसला होते म्हणे, पण टपरीवाला म्हणतो आलेच नाहीत. मी पडदा उघडला. बाबांचा सबंध दिवस तिथे व्यवस्थित मांडलेला होता. दोन छत्तीसला दक्षिण भाग सोडला, दिवाघरात दिवा ठेवला, चारला निघाले, टपरीवर अकरा मिनिटं, चार चाळीसला घर, आणि आता पाच अठराला अंघोळ करत होते. नाडी बहात्तर. एका नोंदीतही खोट नव्हती. मी पायात चपला सरकवल्या आणि दिवाघरात धावत गेले. बाबांचा दिवा ठेवायचा खण एकशे सात. तो रिकामा होता. ठमके काकांनी आपल्या पडद्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, दिवा आहे की, हे बघ. मग ते स्वतः उठून आले आणि खणात हात घालून चाचपू लागले.

मी तिथेच दिवाघराच्या यंत्रावर बसून बिघाडांची यादी काढली. सहसा ती कुणी वाचत नाही. बिघाड सहन करता यावेत म्हणूनच तर सगळा खटाटोप केलेला असतो. यादीत पाचवं मुख होतं. छत बसलं तेव्हा त्याची तार चेपली होती आणि बाकीच्या चार मुखांना बाबांचा दिवा गप्प झाला होता. तीन चाळीसपासून ती तार मधूनच काही सेकंद जोडली जायची आणि पुन्हा तुटायची. दर वेळी ते तेच सांगत होतं, की देवराव उरकुडे दक्षिण भागात, चौदाव्या खांबापाशी आहेत, नाडी बहात्तर. दर वेळी बाकीची चार मुखं सांगत, ते घरी आहेत. पाचवं मुख आपलं म्हणणं खोडायचं, बहुमताचं उतरवून घ्यायचं, आणि तार तुटली की पुन्हा त्याला बाबा सापडायचे. दोन तासांत एकेचाळीस वेळा त्यानं एकच चूक केली होती आणि एकेचाळीस वेळा आम्ही ती सुधारली होती.

काही नोंदींच्या शेवटी शब्दही होते. 'येतो वं.' पुन्हा काही वेळानं 'येतो वं.' पंपाच्या खोलीतली यंत्रणा माझ्या आवाजात विचारत होती आणि ते उत्तर देत होते. त्या शब्दासरशी माझा नियम त्यांना बाहेर काढत होता.

पाठराबे साहेब पाच मिनिटांत आले. त्यांनी आडकाठी केली असं मी म्हणणार नाही. सुटकेचं पथक त्यांनी लगेच उभं केलं, पण दक्षिण भागाच्या तोंडाशी थांबवलं. छत अजून हलत होतं. अशा ठिकाणी नियम साधा असतो. आत माणूस जिवंत असेल तर छताला आधार द्यायच्या आधीही आत शिरायचं. नसेल तर आधी आधार, मग दुसऱ्या दिवशी सकाळी सावकाश काम. मेलेल्यासाठी जिवंत माणूस पणाला लावायचा नाही. साहेबांनी विचारलं, जे मुख एकेचाळीस वेळा खोटं पडलंय त्याच्या भरवशावर सहा माणसं आत घालू का?

मी तार जोडली जायची वाट बघत बसले. आई तोवर चालत आली होती आणि दिवाघराच्या दारात ओढणी तोंडाला लावून उभी होती. सहा वाजून सात मिनिटांनी पाचवं मुख जागं झालं. मी घाईनं बोलले.

"बाबा, मी समा. येतो म्हणू नका. नुसतं आहे म्हणा."

मग भिंतीवरच्या स्पीकरच्या डबीतून बाबांचा आवाज आला, नेहमीचा, थोडा हसरा.

"बरं."

आई आत येऊन डबीखाली उभी राहिली. ठमके काकांनी हात जोडले. साहेब माझ्याकडे वळले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, जो विचारायचा त्यांना पूर्ण अधिकार होता.

"समिधा, हे तेच बोलले ना? तू बनवलंयस, तूच सांग."

चौकशी समितीला मी नंतर सांगितलं, की अंदाजाची गोष्ट त्या क्षणी माझ्या ध्यानात नव्हती. इथे खरं लिहिते. ध्यानात होती. प्रत्येक मुखाकडे अंदाजाचा तक्ता मीच दिला होता, त्यावरची खूण मीच काढली होती, आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाची नाडी बहात्तर नसते हे कुणीही सांगेल. मी मनाला समजावलं, की बाबांचं काळीज घट्ट आहे. आई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "हो, तेच."

पथक आत गेलं. त्यातल्या तुळशीराम नैतामच्या पायावर छताचा एक तुकडा आला आणि गुडघ्याखाली हाड दोन ठिकाणी मोडलं. बाकीच्यांनी पावणेआठला बाबांना गाठलं. ते चौदाव्या खांबाला टेकून बसले होते, छातीपर्यंत दगड, काठी मांडीवर. डॉक्टरांनी सांगितलं, प्राण जाऊन चार तास तरी झाले असावेत. साडेतीनच्या आसपास.

म्हणजे तीन चाळीसपासून त्या तारेतून जे काही आलं, त्यातलं काहीच त्यांचं नव्हतं. मनगटाला नाडी लागली नाही, तेव्हा पट्टा सरकला असेल असं पाचव्या मुखानं धरलं आणि जागा भरत राहिलं. दिवा मात्र शेजारीच जळत होता, म्हणून माणूस इथेच आहे एवढं त्याला पक्कं कळत होतं. 'येतो वं' आणि 'बरं'. तीन वर्षांत बाबा मला जे दोन शब्द सगळ्यात जास्त वेळा बोलले, तेच त्यानं मला परत दिले. नैताम अजून कुबडीवर आहे. मी त्याला भेटायला गेले तेव्हा त्यानं मलाच धीर दिला, म्हणाला, आवाज आम्हीबी आयकला होता ताई. त्याला खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तेरावं झाल्यावर दक्षिण भागाला आधार देऊन झाला आणि पाचवं मुख वर आणलं. लोखंडी पेटी एका बाजूनं चेपली होती. तार जोडली जाण्याआधीच्या नोंदी, म्हणजे दोन छत्तीस ते तीन चाळीस, बहुमतानं केव्हाच खोडल्या होत्या. पण प्रत्येक मुखात एक कोपरा असतो, जिथे अर्थ न लागलेले आवाज टाकून दिले जातात. खोकला, शिव्या, दगडाचा खडखडाट. तो कोपरा कुणी पुसत नाही, कारण कुणी उघडत नाही. मी उघडला. बराच वेळ धापा होत्या. माझ्या आवाजातला प्रश्न होता, "कोण आहे? उत्तर द्या." आणि दोन अठ्ठावन्नला एक ओळ होती.

'जातो वं.' अर्थ लागला नाही. सोडून दिलं.

तो शब्द माझ्या शब्दांच्या यादीतच नव्हता. निघताना जे कुणी म्हणतच नाही, ते मी कशाला लिहू? आणि अंदाज म्हणून तो कधीच आला नसता, कारण माणूस जे पूर्वी बोलला असेल तेवढंच अंदाजाला येतं. बाबा जन्मात कधी 'जातो' म्हणाले नव्हते. छत बसल्यानंतर त्या दुपारभरात त्यांचं स्वतःचं असं आमच्यापर्यंत पोहोचलेलं हे एवढंच, आणि ते आम्ही कचऱ्यात टाकलं होतं.

पुढचं मला झोपू देत नाही. बाबांना माझा नियम पाठ होता. 'येतो' म्हणजे माझ्या यंत्रात गेला, हे त्यांना ठाऊक होतं, चाचणीच त्यांच्या आवाजावर झाली होती. मग 'जातो' त्यांनी निरोप म्हणून म्हटलं, की उलटा शब्द टाकला तर पोरीचं यंत्र उलटं समजेल, माणूस गेला नाही, इथेच आहे असं समजेल, म्हणून म्हटलं? दोन अठ्ठावन्नला ते जिवंत होते. त्यानंतर अर्धा तास होते. हा प्रश्न मी पाचही मुखांना विचारू शकत नाही.

त्या दिवशी मी पेटी कचेरीत ठेवून साडेचारला घरी आले. आई पडवीत पायरीवर बसली होती. बाबांची नोंद मी अजून मिटवली नव्हती. मिटवायची तर घरच्या माणसानं 'गेले' असं बोलून सांगावं लागतं, आणि आईनं ते बोलायला साफ नकार दिला होता. मीही आग्रह केला नव्हता. तिनं मला पाणी दिलं आणि पेटी उघडली का विचारलं. मी हो म्हटलं.

"मंग त्यातनी काही निंगालं? शेवटी काय बोलले ते?"

तिच्या तोंडाकडे बघत मी सांगितलं, "येतो म्हणाले."

तिनं मान हलवली. काही क्षणांनी चार चाळीस झाले, फाटक आपोआप उघडलं, पडवीतला दिवा लागला आणि आत पाणी तापायला लागल्याचा आवाज सुरू झाला. आई उठून चहा टाकायला गेली. उत्तर द्यायला मला अर्धा सेकंदही लागला नव्हता.